एकवीस पावलं

१

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता धाकटीनं किल्ली फिरवली. गाडीनं खर्र खर्र करून घसा खाकरला आणि गप्प बसली. पुन्हा किल्ली, पुन्हा खर्र खर्र, पुन्हा गप्प.

गाडी चौतीस वर्षांची. धाकटीच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, जन्मभर हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही जुनी गाडी घेऊन तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. थोरली, धाकटी आणि ही मधली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. थोरली लग्न होऊन गेली, धाकटी घरीच राहिली, आणि मधलीनं आजवर एकदाही दगा दिला नव्हता. दिला तो नेमका आज.

अप्पा शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. काठी गुडघ्यांमध्ये, चष्मा नाकावर, चष्म्याचं पत्र्याचं घर सदऱ्याच्या खिशात. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटायला लागला आणि वाचा गेली. आता होकार, नकार, राग, भूक, सगळं एका ‘अं’वर भागवावं लागत होतं. एरवी कोणी त्यांच्या गाडीचा सेल्फ दोनदा मारला तर ते कपाळाला आठ्या घालायचे. आज धाकटीनं सात वेळा मारला, तरी ते समोर भिंतीकडे बघत शांत बसून राहिले.

“ताई, आज राहू द्या का?” शेडच्या दारातून मामा म्हणाले. मामा म्हणजे अप्पांना सांभाळायला येणारे निवृत्त वॉर्डबॉय. “अप्पा तसे खुशीत आहेत हो. काल एकवीस पावलं चालले!”

“हो, हो,” धाकटी म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. शहराबाहेरच्या संस्थेत नऊच्या आत पोचायचं होतं. तिथे चोवीस तास नर्स होत्या, बेल दाबली की माणूस धावत येत होता. अप्पांना तिनं ‘तपासणीला जायचंय’ एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसवलं की अप्पा हात झाडायचे, दार ओरबाडायचे. मधलीत बसवलं की मांजरासारखे शांत. म्हणून त्यांना न्यायचं तर हिच्यातूनच. मागच्या सीटवर बॅग होती आणि तपासणीला लागतात त्यापेक्षा तिच्यात बरेच जास्त कपडे होते.

हे सगळं तिनं हौसेनं ठरवलं नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. मामा सहाला जायचे, ती साताला बसनं घरी पोचायची. मधला एक तास अप्पा घरात एकटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरा झटका आला तर मिनिटं मोजायची. त्या एका तासाची तिनं एवढी धास्ती घेतली होती की परतीच्या बसमध्ये ती रोज प्रत्येक थांब्याला घड्याळ बघायची. आणि आता, ज्या गाडीच्या भरवशावर अप्पांचा जीव होता ती गाडीच मेल्यासारखी पडली होती.

२

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला लाथ घातली.

“इंजिन बसलंय ताई. आता हिला भंगारात... नाहीतर मी घेतो, मागे म्हणालो होतो तसं.”

“अहो, पण बॉनेट तरी उघडा!”

“उघडून काय बघायचं? कळतंय की.”

धाकटीनं त्याची बोळवण केली आणि अप्पांच्या जुन्या ओळखीतल्या डायनॅमो मावशींना फोन लावला. मावशी पासष्टीच्या. सेल्फ, डायनॅमो आणि गाडीतली वायर न वायर दुरुस्त करणारं त्यांचं दुकान मंडईमागे होतं. नवऱ्याच्या मागे चाळीस वर्षं ते त्यांनी एकटीनं चालवलं होतं आणि गल्लीतला एकही मेकॅनिक त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नसे. मावशी रिक्षातून उतरल्या त्या कमरेला पदर खोचूनच.

“मार सेल्फ,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. “बास. दिवे लाव. बास.”

मग त्यांनी बॉनेट उचललं. एका हातानं ते तोलून धरत दुसरा हात बॉनेट टेकवायच्या लोखंडी दांडीकडे नेला आणि मध्येच थांबवला. दांडीवर बोट फिरवून त्यांनी बोटाकडे पाहिलं. जाड धूळ होती, कोळ्याचं जाळंही होतं.

“शेवटचं बॉनेट कधी उघडलंस?”

“महिना झाला असेल.”

“हं.” मावशींनी दांडी उभी करून बॉनेट टेकवलं. “ऐक पोरी. इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ धडधाकट. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पोटात अन्न आहे. पण ठिणगी नाही. आणि ठिणगी नाही तर अन्नाचं काय लोणचं घालायचंय? आता ठिणगी कुठे अडली ते बघू.”

प्लगची एकेक वायर काढून त्यांनी पाहिली. मग इंजिनाच्या बगलेतल्या काळ्या टोपीकडे वळल्या. सगळ्या वायरी त्या टोपीत जमा होत होत्या.

“हा डिस्ट्रिब्यूटर. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देतो.” दोन्ही चिमट्या अंगठ्यानं उडवून त्यांनी टोपी उचलली आणि हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“काय झालं मावशी?”

“आत एक रोटर असतो. अंगठ्याएवढा, वर पितळी पट्टी. तो गोल फिरतो आणि ठिणगी वाटतो.” मावशींनी टोपी तिच्यापुढे धरली. “तो इथे नाही. आणि तो मोडत नाही, गळून पडत नाही, विरघळत नाही. कोणीतरी टोपी उघडून तो काढून नेलाय, आणि टोपी पुन्हा जागच्या जागी बसवलीय.”

३

धाकटी गाडीपासून एक पाऊल मागे सरली. काच फोडली असती, टायर कापला असता, तर एवढी भीती वाटली नसती. असल्या लोकांना शिव्या घालता येतात. हा कोणीतरी बंद शेडमध्ये आला होता, त्यानं शांतपणे बॉनेट उघडलं होतं, हवी ती एकच वस्तू नेली होती आणि सगळं होतं तसं लावून ठेवलं होतं. शेडपासून अप्पांची खोली किती लांब? मध्ये फक्त स्वयंपाकघर.

“आणखी एक,” मावशी म्हणाल्या. “ही टोपी बघ. सगळ्या इंजिनावर धुळीचे थर आणि टोपी आतून पुसलेली. चोर कधी धूळ पुसतो का?”

“म्हणजे?”

“म्हणजे अजून मलाही नीट कळलेलं नाही. इथे कोण कोण येतं?”

धाकटीनं सांगितलं. रविवारी संध्याकाळी तिनं गाडी सुरू करून पाहिली होती, तेव्हा ती ठीक होती. सोमवारी दिवसभर मामा होते. पावणेसहाला थोरलीचे यजमान, म्हणजे भाऊजी, संस्थेनं शिक्का मारून दिलेला फॉर्म बंद पाकिटात देऊन गेले. सहाला मामा घर बंद करून गेले. सहानंतर मिस्त्री गाडी मागायला म्हणून आला आणि शेडच्या कुलपाशी डोकावून गेला, असं शेजाऱ्यांकडून कळलं. साताला ती आली.

“म्हणजे सहा ते सात.”

“हो.” धाकटीनं घरातल्या दाराकडे पाहिलं. “तो तास कोणालातरी माहीत आहे मावशी. अप्पा तेव्हा एकटे असतात हे माहीत आहे. ओरडता येत नाही हेसुद्धा माहीत आहे.”

 मावशींनी दुकानातून नवा रोटर आणून बसवला, आणि चिमट्यांवर कसलंसं वंगण लावत बराच वेळ वाकून राहिल्या. पहिल्या सेल्फला मधली गुरगुरली. आतल्या खोलीतून अप्पांचा ‘अं!’ ऐकू आला. धाकटीला तो आनंदाचा वाटला.

संस्थेनं गुरुवारची वेळ दिली. धाकटीनं शेडच्या बाहेरच्या दाराला जाडजूड नवं कुलूप घातलं आणि त्याची एकुलती एक किल्ली पर्समध्ये ठेवली. मंगळवार सुखरूप गेला. बुधवारी सकाळी तिनं गाडी चालू करून पाहिली, चालू झाली. बुधवारी लॅबमधून निघताना तिनं घरी फोन केला. तो वाजत राहिला, कारण घरात एकटे अप्पा होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. घरी पोचली तेव्हा नवं कुलूप जागेवर होतं, अप्पा पलंगावर डोळे मिटून होते, जोरजोरानं श्वास घेत. तिनं नाडी पाहिली, फार जलद होती. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि तिचा हात झटकला.

गुरुवारी सकाळी तिनं किल्ली फिरवली. खर्र खर्र. गप्प.

आता टोपी उघडायला ती शिकली होती. उघडली. आत काहीच नव्हतं.

४

बाहेरचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे जो कोणी आला तो घरातून आला होता.

धाकटी धावत आत गेली. अप्पा पलंगावर बसले होते, चष्म्याचं घर मुठीत धरून. “अप्पा, काल कोण आलं होतं? संध्याकाळी? कोणी आलं होतं का?” अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता. घाबरलेत, तिनं ओळखलं. त्यांनी त्या माणसाला पाहिलंय.

उशी नीट करायला ती वाकली आणि तिथेच गोठली. अभ्र्याच्या डाव्या काठावर काळाकुट्ट, तेलकट, ठसठशीत ठसा होता. रोज दातांचे साचे काढणाऱ्या बाईला ठसा ओळखायला भिंग लागत नाही. तो अंगठा होता. डाव्या हाताचा.

म्हणजे गाडीत हात घालून आलेला माणूस या पलंगाशी उभा राहिला होता. अप्पांच्या तोंडावर वाकला होता. उशीला हात लावला होता. उशीला! पुढचं तिच्या मनात आलं. भिंतीला धरून ती खाली बसली. अप्पांना ओरडता येत नाही, हात उचलून ढकलता येत नाही. तो काय करायला आला होता, आणि का थांबला?

तिनं मावशींना फोन केला. “मावशी, तो अप्पांच्या पलंगापर्यंत आला होता.”

“कशावरून?”

“उशीवर काळा ठसा आहे.”

 मग मावशी म्हणाल्या, “काळा? वंगणासारखा? बरं झालं. कोणाला हात लावू देऊ नकोस. ते वंगण मीच लावलं होतं. आणि हे बघ, मी येईपर्यंत कोणालाही घरातून जाऊ देऊ नकोस.”

फोन ठेवून ती वळली. दारात मामा उभे होते. ते कधी आले, त्यांनी किती ऐकलं, तिला कळलं नाही. लॅचची किल्ली त्यांच्या उजव्या हातात होती, आणि डावा हात खिशात होता.

५

अर्ध्या तासात मावशी आल्या, पाठोपाठ भाऊजीही आले. अप्पांना गाडीत बसवायला त्यांनी सुट्टी काढली होती, आणि त्यांची सुट्टी म्हणजे जगावर उपकार. घराच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: धाकटी, मामा आणि भाऊजी. मावशींनी तिघांनाही शेडमध्ये बोलावलं.

“मी काय म्हणतो,” भाऊजी घड्याळ बघत म्हणाले, “एका फडतूस तुकड्यासाठी हा तमाशा कशाला? दुसरा बसवा आणि निघू द्या आम्हाला.”

“काल संध्याकाळी कुठे होतात?” मावशींनी विचारलं.

“मी? ऑफिसात. साडेसातपर्यंत. विचारा कोणालाही. आणि मी कशाला गाडी बंद पाडीन? अप्पांची सोय व्हावी म्हणून मीच महिनाभर कानीकपाळी ओरडतोय.”

ते खरं होतं. धाकटीची नजर मामांकडे वळली. दोन रात्रींची झोप उडाली होती, आणि भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप नसतं.

“मामा, अप्पा गेले की तुमचं काम सुटणार. म्हणूनच ना? आम्ही जाऊच नये म्हणून? अहो, काम गेलं असतं तर दुसरं मिळालं असतं. पण त्यांच्या उशाशी जाऊन त्यांना घाबरवायचं...”

मामांनी डावा हात खिशातून काढला. हातात रुमाल होता. “काम सुटणार? कशानं ताई?”

“संस्थेत ठेवल्यावर...”

“संस्थेत?” मामांचा चेहरा पडला. “तुम्ही तपासणीला म्हणालात ना? मी म्हटलं, संध्याकाळी परत येतील. मी त्यांच्यासाठी पेज करून ठेवणार होतो.” त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. साठीचा माणूस पोरासारखा मुसमुसायला लागला. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी मात्र एकदम मान वर केली. “थांबा. मामांना माहीत नव्हतं. मिस्त्रीला माहीत असायचं कारण नाही. मग ठेवायला नेणार हे कोणाकोणाला माहीत होतं?”

“मला,” धाकटी म्हणाली. “भाऊजींना. थोरलीला.”

“आणि हे बोलणं कुठे बसून झालं?”

धाकटीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिला आठवलं. फॉर्म भरला होता तो महिन्यापूर्वी, मामा घरी गेल्यावर, अप्पांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर. भाऊजी मोठ्यानं वाचत होते आणि ती लिहीत होती. कायमस्वरूपी की तात्पुरतं? कायमस्वरूपी. पलंगावर अप्पा छताकडे बघत पडले होते, आणि त्या दोघांनी त्यांची दखल खुर्चीइतकीच घेतली होती.

६

“आता एक गंमत,” मावशी म्हणाल्या. मात्र त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. “मामा, बॉनेट उघडा.”

मामा मागे डिकीकडे गेले, तिथे चाचपून परत आले. “कुठून उघडतं ते?”

“बरं. भाऊजी, तुम्ही.”

भाऊजींनी वैतागून आतला खटका ओढला, डाव्या हातानं बॉनेट उचललं, उजव्यानं लोखंडी दांडी उभी करून टेकवलं.

“बघितलंस पोरी? एक हात बॉनेटला, एक दांडीला. जगात सगळे असंच करतात. मंगळवारी मी आले तेव्हा त्या दांडीवर महिन्याची धूळ होती, जाळं होतं. टोपी मात्र उघडून पुसलेली. म्हणजे आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडलं गेलं, पण दांडी वापरलीच नाही. का वापरली नाही? ज्याला दोन हात आहेत तो का नाही वापरणार?”

धाकटीनं दांडीकडे पाहिलं.

“हे बघ.” मावशींनी पुढच्या पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. धुळीत एक वाटोळा ठसा होता, रुपयाहून थोडा मोठा, आत एकात एक तीन कडी. “हा मी मंगळवारीच पाहिला. तेव्हा कळला नव्हता. तुला कळतोय?”

धाकटी वाकली. ती कडी तिनं कुठे पाहिली होती, हे आठवायला तिला एक श्वास लागला. महिन्यापूर्वी तिनंच दुकानात चार प्रकार चाचपून, घसरू नये म्हणून तीन कड्यांचं रबर निवडलं होतं. काठीच्या टोकाला बसवायचं.

“नाही,” ती म्हणाली. “त्यांना चालता येत नाही मावशी. बाथरूमपर्यंत जायचं तर मामांना धरावं लागतं.”

मावशी गाडीपासून चालायला लागल्या, म्हाताऱ्या माणसाची आखूड पावलं टाकत, मोठ्यानं मोजत. स्वयंपाकघर, दार, खोली. पलंगाशी पोचल्या तेव्हा त्यांनी म्हटलं, “एकवीस.”

“अरे देवा!” मामा पुटपुटले. “सोमवारी एकवीस झाली की यांनी मला थांबवलं. पुढचं एकही पाऊल टाकेनात. मी म्हटलं दमले.”

अप्पा पलंगावर मागे सरकले होते. डाव्या हातात चष्म्याचं घर छातीशी घट्ट. मावशी त्यांच्यासमोर बसल्या.

“आम्ही दोघं एका काळातले,” त्या धाकटीला म्हणाल्या, पण बघत अप्पांकडे होत्या. “तुझ्या जन्माआधी शहरात दंगा झाला होता. जमाव अँब्युलन्स पळवून न्यायचा. म्हणून हे ड्रायव्हर गाडी उभी केली की आधी रोटर काढायचे, टोपी पुसायचे, आणि रोटर घेऊन पेशंटच्या मागे पळायचे. गाडीचा जीव खिशात ठेवणं म्हणायचे त्याला. किल्लीवाला किल्ली करील, पण जीव कुठून आणील? मोडायचं काही नाही, कापायचं काही नाही. गाडी आपली आहे, ती फक्त नको त्या माणसानं न्यायची नाही.” मावशींनी मान हलवली.

“मंगळवारीच हे सगळं मी ओळखायला हवं होतं. चोर टोपी पुसत नाही, मालक पुसतो. बॉनेट खांद्यावर घेऊन खाली काठी टेकवली आणि एका हातानं काम केलं. आणि अप्पा, चष्मा नाकावर असताना चष्म्याच्या घरात काय खुळखुळतंय हो?”

धाकटीनं अप्पांचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याच्या नखात काळं वंगण होतं. तिनं हात पुढे केला, तसे अप्पा अंग चोरून भिंतीला चिकटले, आणि चष्म्याचं घर मांडीखाली दडवायला लागले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते तिला आता नीट दिसलं. ते चोराला घाबरले नव्हते. चोर कोणी नव्हताच. तीन दिवस ती ज्या भीतीनं थरथरत होती तीच भीती महिनाभर या पलंगावर पडून होती, आणि तिचं कारण ती स्वतः होती.

७

भाऊजी पहिले बोलले. “म्हणजे आता तर ठेवायलाच हवं. उद्या पडले म्हणजे?”

“तुमची सुट्टी वाया गेली, मला वाईट वाटतं,” मावशी म्हणाल्या. “चालता येत नाही म्हणून ठेवणार होतात ना? बेचाळीस पावलं, जाऊन येऊन. एकदा सोमवारी, एकदा बुधवारी. एका हातानं बॉनेट खांद्यावर तोलून. माझ्या दुकानातली दोन हातांची माणसं एवढं काम करत नाहीत.”

बुधवारचा जलद श्वास आणि जलद नाडी धाकटीला आठवली. तो झटका नव्हता. माणूस कष्ट करून नुकताच पलंगावर येऊन पडला होता. खाली पडले असते तर? भीती गेली नव्हती. फक्त तिची जागा बदलली होती.

ती उठली, शेडमध्ये गेली, मागच्या सीटवरची बॅग घेऊन आली आणि अप्पांच्या समोर उघडली. एकेक सदरा काढून कपाटात ठेवायला लागली. तळाशी आईचा फोटो होता, तोही तिनं भरला होता. तो तिनं टेबलावर होता तिथे ठेवला. मग फॉर्म फाडला, दोन तुकड्यांचे चार केले आणि चारांचे आठ. भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि निघून गेले.

“मामा,” ती म्हणाली, “मी जे बोलले ते...”

“जाऊ द्या ताई.”

“नाही, जाऊ कसं देऊ? चुकले मी. आणि आता तोंड वर करून मागतेय. साताला मी येईपर्यंत थांबाल का? मी लॅबमध्ये वेळ बदलून मागते, पण तोपर्यंत?”

मामांनी मान हलवली. “पावलं वाढवायची आहेत अजून. थांबतो की.”

मग ती पलंगाच्या कडेवर बसली. “अप्पा, मी खोटं बोलले. तपासणी नव्हती. तुम्हाला सगळं ऐकू येतं, आणि मी तुमच्यासमोरच...”  ती रडली, अगदी आवाज करून रडली, आणि अप्पा बघत राहिले. बऱ्याच वेळानं मांडीखालचं घर बाहेर आलं. डाव्या अंगठ्यानं त्यांनी झाकण उडवलं. आत दोन रोटर होते, एक जुना, एक नवा, फडक्यात नीट गुंडाळलेले.

त्यांनी नवा उचलला आणि मावशींना दिला. त्यांचा होता तो.

जुना त्यांच्या तळहातावर राहिला. धाकटीनं हात पुढे केला, पण घेतला नाही. नुसता उघडा धरला आणि थांबली. अप्पांनी रिकाम्या बॅगेकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग रोटर तिच्या तळव्यावर ठेवला.

मधली पहिल्या सेल्फला सुरू झाली. मंडईला वळसा घालून, मावशींना दुकानाशी सोडून, धाकटी, अप्पा आणि मामा तासाभरात परत आले. धाकटीनं इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून दांडी लावली, चिमट्या उडवल्या, टोपी आतून पुसली आणि रोटर काढून अप्पांच्या खिशातल्या घरात ठेवला. त्या दिवसापासून हे रोज ठरलं. गाडी कुठेही न्यायची असली की तिला आधी अप्पांपुढे हात पसरावा लागतो, आणि कुठे जायचं ते खरं सांगावं लागतं.